उसाच्या दोन ट्रॉल्या घाटातून नेताना: काय आधी, काय नंतर

घाटात उसाचा ट्रॅक्टर पलटी झाला की दुसऱ्या दिवशी गावात एकच वाक्य ऐकू येतं, ‘ब्रेकच लागला नाही.’ ड्रायव्हरला शेजारी बसवून खोदून विचारलं की वेगळंच निघतं. उताराला गाडी पळायला लागली म्हणून त्याने क्लच दाबला, लहान गिअर टाकायला गेला, गिअर पडला नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये राहिली. तिथून पुढे सगळा भार एकट्या ब्रेकवर आला. ब्रेक शेवटी गेला, चूक त्याच्या बरीच आधी झाली होती.

बीड जिल्ह्यातल्या धारूर-तेलगाव घाटासारख्या अरुंद रस्त्यावरून दोन ट्रॉल्या जोडून ये-जा करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. यातली कामं बहुतेकांना माहीत आहेत. गडबड होते ती क्रमात. जे वर सपाटीला करायचं ते लोक उतारात करतात आणि जे फडात, म्हणजे ऊसतोड चाललेल्या शेतात, करायचं ते वजनकाट्यावर आठवतं.

आधी वजनाचा हिशोब

ट्रॅक्टर साधारण २ टनांचा. एक रिकामी ट्रॉली २ टन धरा, तिच्यात ८ टन ऊस. अशा दोन ट्रॉल्या म्हणजे २० टन. सगळं मिळून २२ टन.

आता रस्ता दर २० मीटरला १ मीटर उतरतोय असं समजा. आपल्याकडच्या घाटात हा काही फार मोठा उतार नाही. तेवढ्या उतारावर २२ टनांची गाडी खाली ओढणारी ताकद साधारण १.१ टन होते. उतार १२ मीटरला १ मीटर असेल तर ती १.८ टनांवर जाते. टायर रस्त्याला घासून त्यातली थोडी खातात, बाकी सगळी इंजिनाने आणि ब्रेकने धरायची. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, म्हणजे २ टनांच्या ट्रॅक्टरने मागच्या २० टनांना आवरायचं. त्यात वेग १० वरून २० किलोमीटरवर गेला की थांबवायला लागणारा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. ‘जरा सुटली तर सुटली, खाली धरू’ हा विचार इथेच मार खातो.

टप्पा १: फडात भरताना

भरणी ऊसतोडीची टोळी करते, पण घाटातून गाडी तुम्हाला न्यायची आहे. त्यामुळे भरताना ड्रायव्हर चहाला गेला हे चालणार नाही.

दोन ट्रॉल्यांमध्ये जड ट्रॉली पुढे, हलकी मागे. उलटं झालं की वळणावर मागची ट्रॉली पुढचीला ढकलते आणि दोन्ही मिळून ट्रॅक्टरला. फडात मात्र टोळी कोणती ट्रॉली भरताना दमते, यावर वजन ठरतं. शेवटच्या मोळ्या कुठे टाकायच्या हे तुम्ही सांगा.

दोन चाकांची ट्रॉली असेल तर आणखी एक गोष्ट. भार चाकाच्या थोडा पुढे हवा, म्हणजे ट्रॉलीची ओढायची दांडी ट्रॅक्टरवर दाबून बसते. मागे जास्त भरलं की दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, आणि चढाला ती जागेवर फिरतात. याच्या उलट, पुढे वाजवीपेक्षा जास्त भरलं तर ट्रॅक्टरचं नाक उचलतं आणि स्टिअरिंग हाताला हलकं लागतं. ते हलकं लागणं म्हणजे आराम नव्हे.

उंचीचा मोह सगळ्यात वाईट. पैसे टनावर मिळतात, खेपा मोजून होतात, म्हणून ट्रॉलीच्या कडेला उभ्या लावलेल्या खुंटांच्या वर थरावर थर चढतात. वरचा प्रत्येक थर गाडीचा तोल वर नेतो. सरळ रस्त्यावर काही कळत नाही. घाटाच्या वळणावर, जिथे रस्ताच एका अंगाला कललेला असतो, तिथे ट्रॉलीची आतली चाकं आधी हलकी होतात आणि मग उचलतात. घाटातून जायचं असेल तर खुंटांच्या वर रचू नका.

*तपासा:* भरून झाल्यावर गाडी सपाटीवर उभी करा आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. ट्रॉली एका बाजूला झुकलेली दिसली तर टायरची हवा बघा, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बघा, नाहीतर मोळ्या हलवा. फडात अर्धा तास जाईल. घाटात कललेली ट्रॉली सरळ करायला वाव नसतो.

टप्पा २: जोडणी

इथे थोडं थांबतो, कारण यात मी स्वतः फसलोय.

पाच-सहा हंगामांपूर्वी माझ्या गाडीची मागची ट्रॉली घाट संपल्यावर, सपाट रस्त्यावर सुटली. बाभळीच्या नालीत जाऊन बसली, माणूस कुणी तिच्याखाली आला नाही हे नशीब. उतरून बघितलं तर हुकात पिनच्या जागी नट-बोल्ट होता. आदल्या आठवड्यात गाडी दुरुस्तीला दिली होती, तिथे पिन सापडली नाही म्हणून कुणीतरी बोल्ट घातलेला, आणि मी बघितला नव्हता. तो बरोबर आट्यांच्या पहिल्या खाचेत तुटला होता. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, अर्धा चकचकीत. काळपट भाग म्हणजे तडा जुना, चकचकीत भाग म्हणजे त्या दिवशी तुटलेला. बोल्ट कितीतरी खेपा अर्धाच धरून होता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे:

१. पिन हातात काढून बघायची, नुसती वरून नाही. तिच्या अंगावरून अंगठ्याचं नख फिरवा. नख अडकेल इतकी खाच पडली असेल तर पिन बदला.

२. हुकाचं भोक गोल आहे की अंड्यासारखं लांबट झालंय ते बघा. लांबट भोकात पिनला प्रत्येक धक्क्याला हातोडा बसतो.

३. पिन वरून खाली घाला आणि खालच्या टोकाला लॉकची क्लिप लावा. तार, खिळा, सुतळी नको.

४. दोन्ही जोडांना, म्हणजे ट्रॅक्टर ते पहिली ट्रॉली आणि पहिली ते दुसरी, स्वतंत्र साखळी. दांडीच्या खालून दोन साखळ्या आडव्या-तिडव्या नेल्या तर पिन तुटली तरी दांडी जमिनीत रुतत नाही, साखळ्यांवर तोलली जाते. वळणाला पुरेल एवढी ढील ठेवा, रस्त्याला घासेल एवढी नको.

५. ओढ नेहमी खालच्या हुकावरून. नांगर उचलायच्या वरच्या लिंकला ट्रॉली कधीही अडकवू नका. ओढ जितकी वर, तितकं चढाला ट्रॅक्टरचं नाक लवकर उचलतं, आणि ट्रॅक्टर मागे उलटायला डोळे मिटून उघडण्याइतकाच वेळ लागतो.

नाक उचलतंय म्हणून पुढच्या बंपरवर दोन पोरं बसवणं हा उपाय नाही. पुढे लावायचे लोखंडी वजनाचे ठोकळे मिळतात, ते लावा.

टप्पा ३: चाकं, ब्रेक, दिवे

ट्रॉलीला गुळगुळीत टायर चालतात असा समज आहे, कारण ओढायचं काम ट्रॅक्टरचं. पण वळणावर ट्रॉलीला आडवं सरकण्यापासून तिचेच टायर धरतात. दोन्ही बाजूंची हवा सारखी ठेवा, नट पाना लावून आवळा, पाट्यात तुटलेलं पान नाही ना ते बघा. चार चाकी ट्रॉलीची पुढची फिरती चकरी ग्रीसविना कोरडी असेल तर ती वळताना अडकते आणि मग एकदम झटक्यात फिरते.

ब्रेकच्या बाबतीत सगळ्यात जास्त होणारी चूक साधी आहे. ट्रॅक्टरला दोन ब्रेक पेडल असतात, डावं आणि उजवं. शेतात झटकन वळायला सोपं जावं म्हणून दोन्हींना जोडणारी पट्टी काढलेली असते. तीच गाडी तशीच रस्त्यावर येते. घाटात घाईने पाय मारला आणि एकच पेडल दाबलं गेलं तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो.

*तपासा:* पट्टी लावा, मग सपाटीला चालत्या गाडीत एकदा ब्रेक दाबा. गाडी सरळ थांबली पाहिजे. एका अंगाला ओढली तर घाटात जाऊ नका.

दिव्यांचं थोडक्यात. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर हवा आणि तो लोंबणाऱ्या वाढ्यांखाली, म्हणजे उसाच्या शेंड्यांखाली, झाकला जाऊ नये. ते वाढे कोयत्याने छाटून टाका. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला रात्री उसाची ट्रॉली दिसत नाही, काळा ढीग दिसतो, तोही अगदी जवळ आल्यावर.

टेपचा आवाज बंद. साखळीचा खडखडाट, बेअरिंगची किरकिर, मागच्याचा हॉर्न, सगळं कानानेच कळतं. मला गाण्यांचं वावडं नाही, सपाटीला खुशाल लावा.

टप्पा ४: रस्ता आणि वेळ

निघण्याआधी त्या घाटातून जड गाडीला परवानगी आहे का ते विचारा. कन्नड-चाळीसगाव रस्त्यावरच्या औट्रम घाटात २०२३ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना बंदी घातली गेली. अशा ठिकाणी पायथ्याशी जाऊन परत फिरणं म्हणजे दोन ट्रॉल्यांसकट अरुंद रस्त्यावर वळवणं, आणि ते जवळजवळ होत नाही.

बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या चौपदरी घाटाची सवय झालेल्या ड्रायव्हरने अरुंद घाटात त्याच अंदाजाने शिरू नये. लांबून जाणारा पण रुंद रस्ता असेल तर डिझेल जास्त लागलं तरी तोच घ्या.

वेळ शक्यतो दिवसाची. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दरीतून धुकं वर येतं, तेव्हा सूर्य वर येईपर्यंत पायथ्याला थांबा. कारखान्यावर नंबर मागे जाईल, जाऊ द्या. तिथे रांगेतच रात्र काढायची असते.

सोबत एक माणूस हवाच. त्याच्याकडे दोन लाकडी ठोकळे, लाल कापड, टॉर्च. ठोकळे निमुळते कापलेले असले तर चाकाखाली नीट बसतात. रस्त्याकडेचा गोल दगड भरल्या ट्रॉलीखाली निसटतो.

टप्पा ५: चढ

पायथ्याला थांबून स्वतःला एक प्रश्न विचारा: दोन्ही ट्रॉल्या एका दमात चढतील का? उत्तरात ‘बहुतेक’ आलं तर एक ट्रॉली खाली सोडा. मागची ट्रॉली रुंद सपाट जागेवर काढा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, दांडीखाली टेकू, जवळ एक माणूस. पहिली वर नेऊन परत या. तासभर मोडतो. टोळीचा मुकादम कुरकुर करेल.

चढायला लागण्याआधीच असा गिअर घ्या ज्यात गाडी माथ्यापर्यंत जाईल. अर्ध्या चढात गिअर बदलायला क्लच दाबला की गाडी क्षणभर मोकळी होते आणि तेवढ्यात २२ टन मागे येतात. इंजिन गुदमरायला लागण्याची वाट बघू नका, सुरुवातच लहान गिअरने करा.

गाडी अर्ध्यात अडलीच तर क्रम असा:

१. दोन्ही ब्रेक पूर्ण दाबा. क्लच आधी नाही.

२. सोबत्याने बाजूने येऊन मागच्या ट्रॉलीच्या मागच्या चाकाखाली ठोकळा लावायचा. ट्रॉलीच्या थेट मागे किंवा दोन ट्रॉल्यांच्या मध्ये उभं राहायचं नाही.

३. ब्रेक अगदी हळू सैल करा, भार ठोकळ्यावर बसू द्या. मग हँडब्रेक लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा.

४. दुसरा ट्रॅक्टर बोलवा किंवा एक ट्रॉली सोडा.

*सावधान:* दोन ट्रॉल्या मागे सरळ घेता येत नाहीत. कितीही हात बसलेला ड्रायव्हर असो, दोन-चार फुटांत मागची ट्रॉली एका अंगाला जाते, मधली दुसऱ्या. ‘थोडी मागे घेऊन झोका देतो’ म्हणणाऱ्याला खाली उतरवा.

टप्पा ६: उतार

माथ्यावर, उतार सुरू होण्याआधी, गाडी उभी करा. धारूरहून तेलगावकडे उतरताना हे गाव सोडल्यावर लगेच, घाट दिसण्याआधी झालं पाहिजे.

१. फेरी मारा. पिना, क्लिपा, साखळ्या, टायर. चार मिनिटं.

२. ब्रेकची पट्टी लागलेली आहे हे हाताने बघा.

३. गिअर इथेच टाका. नियम सोपा आहे: हाच घाट भरल्या गाडीने ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा, शंका असेल तर त्याच्या खालचा.

४. हाताचा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद करा. फडातून निघताना तो थोडा ओढून ठेवलेला असतो आणि विसरतो.

५. गाडी सोडा, दहा पावलांत एकदा ब्रेक तपासा.

६. आता डावा पाय क्लचवरून काढून खाली ठेवा. खाली पोहोचेपर्यंत तो तिथेच राहील.

गिअरमध्ये असलेलं इंजिन चाकांना मागे धरतं. क्लच दाबला की ती पकड सुटते. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे आहेत. त्यांना हेही माहीत नसतं की गिअरमध्ये उतरताना गाडीच इंजिन फिरवत असते आणि पंप डिझेल जवळजवळ तोडतो. म्हणजे वाचत काहीच नाही.

तरी वेग वाढतोय, इंजिनाचा आवाज चढतोय असं वाटलं तर ब्रेक घट्ट दाबा, वेग चांगला कमी झाला की पूर्ण सोडा. परत चढला, परत तसंच. ब्रेकवर हलका पाय ठेवून सगळा घाट उतरणं ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे, कारण ब्रेकला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. ब्रेक तापला की त्याची पकड कमी होते, पकड कमी झाली की पाय आणखी जोरात दाबतो, आणि तो आणखी तापतो.

*तपासा:* जळका वास आला किंवा पेडल आधीपेक्षा खोल जायला लागलं तर पहिल्या रुंद जागेवर थांबा. गिअर टाकून, ठोकळे लावून ब्रेक आपोआप थंड होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका.

टप्पा ७: वळण

ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. वळणात ट्रॅक्टर तिरका झालेला असतो आणि ट्रॉल्या अजून सरळच ढकलत असतात. तेव्हा कचकन ब्रेक मारला की त्या ट्रॅक्टरच्या कमरेत बसतात आणि तो रस्त्यात आडवा होतो. डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारा) लावलेला असेल तर वळणाआधी काढा, नाहीतर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते.

ट्रॉलीचं चाक ट्रॅक्टरच्या चाकाच्या आतून जातं, दुसऱ्या ट्रॉलीचं त्याहून आतून. डाव्या वळणाला आत कठडा किंवा नाली असते, म्हणून ट्रॅक्टर जरा बाहेरून घ्या आणि मागची चाकं आरशात बघत राहा. उजव्या वळणाला तीच ट्रॉली समोरून येणाऱ्याच्या बाजूत घुसते. तीव्र वळण असेल तर सोबत्याला लाल कापड घेऊन पुढे पाठवा, समोरची एसटी थांबली की मगच गाडी वळणात घाला.

अरुंद जागी वर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, कायद्याचा नियमही तोच आहे. त्यामुळे उतरताना प्रत्येक वळणाआधी थांबता येईल इतकाच वेग ठेवा.

टप्पा ८: ब्रेक गेलाच तर

क्लच दाबू नका, गिअर काढू नका. इंजिन बंद करायचा दांडा ओढू नका. त्याने पकड फारशी वाढत नाही. हॉर्न सतत दाबून ठेवा आणि वेग अजून कमी असतानाच गाडी डोंगराच्या बाजूला, नालीत, मातीच्या ढिगात घाला. ट्रॉली मोडेल, ऊस सांडेल. पुढच्या वळणावर बघू म्हणून थांबलात तर तोपर्यंत वेग दुप्पट झालेला असेल.

गाडी थांबल्यावर मागून-पुढून येणाऱ्यांना इशारा वळणाच्या अलीकडे लावा. वळणाच्या आत लावलेली फांदी दिसेपर्यंत मागचा धडकलेला असतो. माणूस जखमी असेल तर १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३.

टोळीचं बिऱ्हाड नेताना

दिवाळीच्या आसपास बीडकडून टोळ्या निघतात. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळ्या, आणि या सगळ्यावर बायका-पोरं. वजन उसाच्या मानाने काहीच नाही, म्हणून ड्रायव्हर वेगात असतो आणि वरची सगळी तयारी गुंडाळून ठेवतो. खरं तर माणसं ट्रॉलीत बसवूच नयेत. मुकादमाशी उचलीचा (आगाऊ रकमेचा) हिशोब करतानाच माणसांसाठी वेगळ्या गाडीचं भाडं ठरवून घ्या. ते जमलंच नाही तर निदान घाटाच्या तोंडाशी सगळ्यांना उतरवा आणि जीपच्या फेऱ्या करून खाली आणा. भरल्या उसावर झोपून जाणाऱ्यांना तर फडातच खाली उतरवायचं.

टप्पा ९: पायथ्याला

खाली आल्यावर पुन्हा थांबा. प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाजवळ हाताची पाठ न्या, आधी लांबून, मग जवळ. एखादंच चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं लागलं तर त्याचं बेअरिंग चाललंय, कारखान्यावर रिकामी झाल्यावर ते आधी उघडा. पिना पुन्हा बघा. घाटात धक्के खाऊन क्लिप उडते.

आणि घाटात कुठे चाकाखाली दगड लावला असेल तर सोबत्याला मागे पाठवून तो बाजूला करायला लावा. आपली गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतो, आणि अंधारात त्यावर मोटरसायकल चढते. मी दोनदा अशा दगडावरून पडलोय, त्यातला एक आमच्याच गाडीखालचा होता.